बाळाचा लंगोट आणि आपले हात

आषाढ लागला की आलापल्लीत ज्या घरी तान्हे मूल आहे, ते घर बाहेरूनच ओळखू येते. पडवीत, न्हाणीजवळ, चुलीच्या वर, जिथे म्हणून दोरी बांधता येईल तिथे दोरी आणि दोरीवर लंगोट. सकाळी धुतलेले संध्याकाळपर्यंत ओलेच राहतात. दुसऱ्या दिवशी आणखी दहा-बारांची भर पडते. तिसऱ्या दिवशी घरातले वडीलधारे म्हणतात, 'थोडा दमट असला तर काय झाले, अंगावर वाळेल.' आणि तो दमट लंगोट बाळाला बांधला जातो.

लंगोट बदलणे हा काय वर्तमानपत्रात लिहिण्याचा विषय झाला, असे काही वाचकांना वाटेल. पुरुष वाचक तर पान उलटण्याच्या बेतात असतील. त्यांनी थोडे थांबावे. दिवसाला दहा लंगोट धरले तरी वर्षाला साडेतीन हजारांहून अधिक वेळा हे काम घरात होते. ज्या कामात एका बाजूला विष्ठा आणि दुसऱ्या बाजूला काही दिवसांचे, कोवळ्या कातडीचे मूल आहे, ते साडेतीन हजार वेळा कसे केले जाते याला महत्त्व नाही, असे कोण म्हणेल? शिवाय हे काम करणारे हात त्यानंतर कुठे जातात, हाही प्रश्न आहेच. बहुतेक घरांत ते सरळ पिठाच्या परातीत जातात.

नवजात बालकांच्या काळजीविषयी बोलण्याचा आपल्या जिल्ह्याला विशेष अधिकार आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने 1993 ते 1998 या काळात गडचिरोली जिल्ह्यातील 39 गावांत नवजात बालकांना घरीच आरोग्यसेवा देण्याचा प्रयोग केला. गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले. घरोघर जाऊन बाळाचे वजन करणे, त्याला ऊब मिळते की नाही ते पाहणे, आईच्या दुधाबद्दल सांगणे आणि जंतुदोषाची लक्षणे दिसताच औषध सुरू करणे, ही त्यांची कामे. तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण, प्रयोगाबाहेरच्या गावांच्या तुलनेत, 62 टक्क्यांनी कमी झाले. जंतुदोष झालेल्या शंभर बालकांपैकी पूर्वी 16 ते 17 दगावत. आरोग्यदूतांनी उपचार सुरू केल्यावर हे प्रमाण तीनच्याही खाली आले. 1999 च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या इंग्लंडमधील वैद्यकीय साप्ताहिकात हे सारे प्रसिद्ध झाले. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी भेट देतात, ती 2011 मध्ये सुरू झालेली योजना याच कामातून निघाली.

हा प्रयोग काही लंगोटाचा नव्हता. परंतु त्याने एक गोष्ट दाखवून दिली. तान्ह्या मुलाचा जीव वाचवणारी पुष्कळशी कामे मोठ्या यंत्रांची नसून घरातल्या हातांची आहेत. लंगोट बदलणे हे त्यांतलेच एक.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. बाळाला हात लावण्यापूर्वी सर्व वस्तू जवळ घ्याव्यात. वाळलेला लंगोट, कोमट पाण्याची वाटी, मऊ सुती फडकी, घाण कपड्यासाठी झाकणाचे टमरेल किंवा बादली. बाळाचा लंगोट सोडल्यावर 'अगं, दुपटे राहिलेच' म्हणून आई आत जाते आणि बाळ खाटेवरून खाली पडते, ही गोष्ट दुर्मिळ नाही. चार महिन्यांच्या पुढचे मूल केव्हा कूस बदलेल याचा नेम नसतो. खाट, बाज, टेबल यांपेक्षा जमिनीवर सतरंजी, तिच्यावर मेणकापड आणि वर धुतलेले दुपटे, ही सर्वांत सुरक्षित जागा. जमिनीवरून मूल पडत नाही. मात्र ही जागा चुलीजवळची किंवा जेवणाच्या पंगतीची असू नये.

पुसताना नेहमी पुढून मागे, म्हणजे लघवीच्या जागेकडून शौचाच्या जागेकडे पुसावे. मुलीच्या बाबतीत हा नियम कधीही मोडू नये, कारण उलट पुसल्यास शीचे जंतू लघवीच्या मार्गात शिरतात. मुलगा असल्यास शिश्नावरची कातडी मागे ओढून साफ करण्याचा प्रयत्न करू नये. लहानपणी ती चिकटलेलीच असते, ओढल्यास जखम होते. जांघेच्या घड्या हळुवार टिपून कोरड्या कराव्यात. रगडू नये. पाच-दहा मिनिटे बाळाला तसेच उघडे राहू द्यावे, कातडीला हवेइतके चांगले औषध नाही. थंडीच्या दिवसांत, आणि बाळ कमी वजनाचे असेल तर, ही चैन नको. ओला लंगोट अशा बाळाच्या अंगातली ऊब भराभर काढून घेतो. म्हणून रात्री 'झोपलंय, उठवू नका' असे न म्हणता ओले दिसताच बदलावे.

नाळेचा तुकडा गळून पडेपर्यंत लंगोट बेंबीच्या खालीच बांधावा. बेंबी उघडी व कोरडी असू द्यावी. तिच्यावर हळद, राख, तेल, शेण यांपैकी काहीही लावू नये, डॉक्टरांनी सांगितले तरच औषध लावावे. लंगोट बांधायला सेफ्टी पिन वापरण्यापेक्षा आपल्या आजीबाईंचा नाड्यांचा तिकोनी लंगोट कितीतरी चांगला. पिन सुटून टोचते, आणि रांगणारे मूल ती तोंडात घालते. नाडी मात्र पोटावर वळ उमटेल इतकी आवळू नये. दोन बोटे सहज आत जावीत.

आता हात. बाळाला साफ केल्यावर दोन्ही हात साबणाने, बोटांच्या बेचक्यांपर्यंत आणि नखांपर्यंत धुतले पाहिजेत. नुसते पाणी ओतून पदराला हात पुसणे म्हणजे धुणे नव्हे. साबणाने हात धुण्याच्या सवयीने जुलाबाचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी कमी होते, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. साबण महागाचा असण्याची गरज नाही, कपडे धुण्याच्या वडीचा तुकडाही चालतो. फक्त तो लंगोट बदलण्याच्या जागेजवळ असावा, न्हाणीतल्या कोनाड्यात नव्हे. हाताशी असलेला साबणच वापरला जातो.

बाळाची शी 'निर्मळ' नसते

अंगावर पिणाऱ्या मुलाच्या शीला फारसा वास नसतो, म्हणून ती घाण नाही असा समज सर्वत्र आहे. मोठ्या माणसाच्या विष्ठेला नाक दाबणारे लोक बाळाची शी सांदवाडीत फेकतात, कोंबड्या तिच्यावर चोची मारतात आणि त्याच कोंबड्या स्वयंपाकघरात फिरतात. खरी गोष्ट अशी की लहान मुलांना जुलाब करणारे जंतू लहान मुलांच्याच पोटात अधिक असतात. म्हणून शी संडासातच टाकावी. घरी संडास असूनही बाळाची शी गटारात फेकली जात असेल, तर त्या संडासाचा अर्धा उपयोग वाया गेला. संडास नसेल तर पाण्यापासून दूर खड्डा करून पुरावी.

लंगोट धुतो कोण, याकडेही लक्ष द्यायला हवे. आई बाळंतीण, आजी थकलेली. मग हे काम आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या मुलीवर येते. ती लंगोट घेऊन हातपंपावर किंवा नाल्यावर जाते, खळबळून आणते, आणि तशीच भाकरी खायला बसते. तिला हात धुवायला कोणी सांगितलेले नसते. घरात बाळाच्या मागोमाग तिलाही जुलाब का लागतात, याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. हे काम बाळाच्या वडिलांनी करायला काहीच हरकत नाही. पॅन्ट धुता येते त्याला लंगोटही धुता येतो.

हातपंपाच्या ओट्यावर, विहिरीच्या काठावर किंवा बोडीत लंगोट धुऊ नयेत. पावसाळ्यात वरचे पाणी झिरपून खाली जाते आणि तेच पुन्हा हंड्यात येते. पाणी बादलीने घरी आणून धुवावे. ते धुण्याचे पाणीही विहिरीकडे वाहणार नाही अशा बाजूला सोडावे.

पावसाळा आणि दोरी

धुण्याची रीत साधी आहे. शी झटकून संडासात टाकल्यावर लंगोट आधी साध्या पाण्यात खळबळावा, मग साबणाने धुवावा आणि शेवटी दोन-तीन स्वच्छ पाण्यांतून काढावा. या शेवटच्या पाण्यांचाच सहसा कंटाळा केला जातो. कपड्यात राहिलेली साबणाची पावडर ओल लागताच कातडीला झोंबते. नीळ, अत्तराचे साबण, आणि हल्ली प्रत्येक बादलीत ओतले जाणारे वासाचे जंतुनाशक, यांची काही गरज नाही. जंतुनाशकाचा वास आला म्हणजे कपडा शुद्ध झाला, ही निव्वळ समजूत आहे. त्याचा अंश राहिला तर बाळाच्या मांड्या लाल होतात. बाळाला जुलाब लागले असतील किंवा कातडीवर बुरशी आली असेल तर लंगोट पाण्यात दहा मिनिटे उकळावेत. एरवी साबण आणि ऊन पुरते.

अडचण उन्हाचीच आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे अर्ध्या तासात लंगोट पापडासारखा होतो. पावसाळ्यात तो तीन दिवस दोरीवर लोंबतो, त्याला कुबट वास येतो. तो वास म्हणजे बुरशी व जंतू वाढत असल्याची खूण. असा लंगोट वाळला तरी वापरू नये, पुन्हा धुवावा.

यावर उपाय म्हणजे, पहिला, संख्या. उन्हाळ्यात दोन डझन पुरतात, पावसाळ्यात तीन डझन तरी हवेत. पूर्वी घरात जुनी सुती लुगडी, धोतरे असत, त्यांचे हवे तितके लंगोट निघत. आता साड्या नायलॉन-पॉलिस्टरच्या, त्या पाणी शोषत नाहीत, आणि त्यांचे लंगोट बाळाला शिजवून काढतात. तेव्हा जुनी सुती चादर, जुने पंचे, जुने बनियन जपून ठेवावेत. घरी बाळ येणार असेल तर चैत्र-वैशाखातच शिवून, धुऊन, कडक उन्हात वाळवून, डब्यात भरून ठेवावेत. दुसरा, जाडी. अनेक पदरी जाड लंगोट वाळत नाही. पातळ, एकेरी कापडाचा लंगोट आणि आत घालायला निराळी घडी असावी, म्हणजे दोन्ही सुटे वाळतात. तिसरा, इस्त्री. धुऊन पिळलेला लंगोट वाऱ्याच्या जागी शक्य तितका वाळवावा आणि उरलेली ओल गरम इस्त्रीने काढावी. इस्त्रीच्या आचेने राहिलेले जंतूही मरतात. वीज गेली तर कोळशाची इस्त्री आहेच. ती बाहेर पडवीत पेटवावी.

चुलीच्या वर दोरी बांधून लंगोट वाळवण्याची पद्धत गावोगावी आहे. तिचे दोन तोटे आहेत. धूर कपड्यात बसतो आणि एखादा लंगोट खाली पडून पेट घेतो. त्याहून गंभीर गोष्ट बाळंतिणीच्या खोलीची आहे. दारे-खिडक्या बंद करून आत कोळशाची शेगडी ठेवायची, तिच्याभोवती लंगोट पसरायचे, म्हणजे शेकही होतो आणि कपडेही वाळतात, असा हिशेब असतो. बंद खोलीत जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. आई व बाळ झोपेतच दगावू शकतात. पेटती शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नये.

पाऊस उघडला की लोक घाईने कुंपणावर, झुडपांवर लंगोट पसरतात. आपण जंगलात राहतो हे अशा वेळी विसरू नये. सुरवंटाचे केस, लाल मुंग्या, कोळी हे सारे त्या कपड्यात येतात. हिवाळ्यात खाजकुइलीच्या शेंगा तयार होतात, त्यांची कुसे वाऱ्याने उडून कापडात बसली तर बाळ रात्रभर का रडते ते कोणालाच कळत नाही. लंगोट दोरीवरच वाळवावेत, आणि बांधण्याआधी प्रत्येक लंगोट उलटासुलटा झटकावा. वाळला की नाही हे हाताच्या पंजाला नीट कळत नाही, गालाला लावून पाहावे.

पुरळ

इतके करूनही कधीतरी बाळाचे कुल्ले व मांड्या लाल होतात. ओल्या कातडीवर लघवी आणि शी एकत्र राहिली की जंतू लघवीतून अमोनिया तयार करतात, शीतले पाचक रस अधिक जोर धरतात आणि कोवळी कातडी सोलवटते. अशा वेळी लंगोट वारंवार बदलणे, साध्या पाण्याने धुणे, टिपून कोरडे करणे आणि दिवसातून जमेल तितका वेळ उघडे ठेवणे हाच मुख्य उपचार. वर खोबरेल तेल, व्हॅसलीन किंवा झिंक ऑक्साईडचे मलम यांचा पातळ थर द्यावा, म्हणजे ओल कातडीपर्यंत पोहोचत नाही. दोन-तीन दिवसांत उतार पडतो.

उतार पडला नाही, जांघेच्या घड्या लालभडक झाल्या, कडेला बारीक पुटकुळ्या पसरल्या, तर ती बहुधा बुरशी असते आणि तिचे औषध निराळे. इथे मेडिकल स्टोअरमधून आपल्या मनाने ट्यूब आणणे धोक्याचे आहे. खाजेसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉईड असते. त्याने लाली दोन दिवस जाते आणि कातडी कायमची पातळ होऊ लागते. लंगोटाखालच्या झाकलेल्या भागात ते औषध अंगात अधिक मुरते. ट्यूब डॉक्टरांना दाखवून मगच लावावी. पावडरीबद्दल विचाराल तर मुळीच लावू नये. ती घड्यांत गोळा होऊन घासते, आणि उडालेली पावडर बाळाच्या श्वासातून आत जाते.

लंगोट टाकण्याआधी पाहावा

लंगोट पाहून बाळाच्या तब्येतीचे बरेच काही कळते, म्हणून तो न पाहता बादलीत टाकू नये. पहिले दोन-तीन दिवस शी काळी, चिकट असते, नंतर हिरवट आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून पिवळी होते. हे नीटच आहे. अंगावर पिणारे मूल प्रत्येक पाजण्यानंतर पातळ पिवळी शी करते, त्याला हगवण समजून दूध बंद करू नये. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट लघवीने ओले झाले तर आईचे दूध पुरते आहे, वरच्या दुधाची बाटली आणायचे कारण नाही. पहिल्या दोन दिवसांत लंगोटावर विटकरी डाग दिसू शकतो. पाचव्या दिवसानंतरही दिसला तर दूध कमी पडते आहे असे समजून बाळाला तपासून घ्यावे. मुलीच्या लंगोटावर पहिल्या आठवड्यात पांढरा स्राव किंवा रक्ताचा पुसट ठिपका दिसला तर घाबरू नये.

मात्र शी पांढुरकी, मातीच्या रंगाची असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. यकृतातून पित्त आतड्यात येत नसल्याची ती खूण असू शकते, आणि त्या आजारात पहिल्या दोन महिन्यांतच शस्त्रक्रिया व्हावी लागते. शीत रक्त, हिरव्या पित्ताची उलटी, जन्मानंतर चोवीस तासांत शी न होणे, दिवसभर लघवी न होणे, यांतही थांबू नये.

आणि बाळ दूध ओढेनासे झाले, रडणे क्षीण झाले, हातपाय लुळे पडले, अंग थंडगार किंवा तापलेले लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, बेंबीतून पू आला, तर रात्र असो की पाऊस, निघावे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडच्या बाजूचा रस्ता कसा बंद होतो हे आपण वर्षानुवर्षे पाहिले आहे. त्या बाजूच्या गावांनी तर पहिल्या लक्षणालाच निघालेले बरे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. अहेरीला उपजिल्हा रुग्णालय आहे. आजारी नवजात बालकाला सरकारी रुग्णालयात उपचार, औषधे व वाहन विनामूल्य मिळण्याची तरतूद 2011 पासून आहे. नेताना बाळाला कोरडा लंगोट बांधून, टोपी घालून, आईच्या उघड्या छातीशी धरावे आणि वरून पांघरूण घ्यावे.

बाजारातल्या डायपरविषयी थोडेसे. आता आलापल्लीच्या किराणा दुकानातही एकेक सुटे डायपर मिळते, आणि पावसाळ्यात मातांना त्याचा मोह पडणे स्वाभाविक आहे. वापरू नये असे आम्ही म्हणणार नाही. रात्रीसाठी, एसटीच्या प्रवासासाठी, सलग झडीच्या दिवसांत ते सोयीचे आहे. पण महाग म्हणून एकच डायपर दिवसभर ठेवले जाते, तिथे खरा बिघाड होतो. वरून कोरडे लागले तरी तीन-चार तासांनी आणि शी झाल्यास लगेच बदलावे. डायपर धुऊन पुन्हा वापरू नये. घातलेले असताना ओल्या लंगोटांची मोजणी चुकते, म्हणून पहिल्या महिन्यात कापडाचाच लंगोट बरा.

वापरलेले डायपर संडासात टाकले तर शोषखड्ड्याचा संडास तुंबतो. जाळले तर प्लास्टिकचा धूर. एसटीच्या खिडकीतून रस्त्याकडेला भिरकावले तर कुत्री फाडतात, गुरे चघळतात. शी संडासात झटकावी, डायपर गुंडाळून जुन्या कागदात बांधावे आणि इतर कचऱ्यापासून वेगळे द्यावे; वापरलेले डायपर नीट गुंडाळूनच द्यावे, असे 2016 च्या घनकचरा नियमांनीही सांगितले होते. मग हात साबणाने धुवावेत.

आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिल्या दिवशीही येतात. त्या आल्या की चहा विचारण्याआधी बाळाचा लंगोट सोडून दाखवावा, बेंबी, जांघा, कातडी पाहायला सांगावी, आणि दिवसात किती लंगोट ओले झाले तो आकडा आधीच मोजून ठेवावा.